माझ्यामुळं खोळंबा नको!

ज्येष्ठ नागरिकांच्या सहलीतली सगळ्यात धोकादायक गोष्ट कुठली, असं कुणी मला विचारलं तर मी बीपी, शुगर, गुडघे यातलं काहीच सांगणार नाही. मी एक शब्द सांगेन. खोळंबा.

"माझ्यामुळं सगळ्यांचा खोळंबा नको" हे वाक्य तुम्ही तुमच्या घरात शंभर वेळा ऐकलं असेल. ऐकायला किती समंजस वाटतं नाही? पण या एका वाक्यापायी आपली माणसं तहान लागली तरी पाणी पीत नाहीत, छातीत भरून आलं तरी बोलत नाहीत, आणि गुडघा सुजला तरी "चला की, मी आलोयच मागनं" म्हणत पायऱ्या चढत राहतात. आणि याचा दोष त्यांचा कमी, आपल्या टूरच्या वेळापत्रकांचा जास्त, असं माझं स्पष्ट मत आहे. ते का, हे आज जरा सविस्तर लिहितो. रविवार आहे, वेळ आहे, चहा झालाय :)

मी पुण्यातल्या कंपनीचं काम बरेच आठवडे कोल्हापुरातूनच करतो. त्यामुळं सकाळी रंकाळ्यावर चक्कर होते. तुम्ही कधी सकाळी साडेसहाला रंकाळ्यावर गेला असाल तर तुम्हाला माहीत असेल, तिथल्या प्रत्येक बाकड्यावर एक ट्रॅव्हल कंपनी चालते! एका बाकड्यावर तिरुपती शिजत असतं, दुसऱ्यावर काशी, तिसऱ्यावर "ह्या वर्षी फॉरेन करूयाच" असा ठराव पास होत असतो. मॉर्निंग वॉकचा ग्रुप, भजनी मंडळ, बँकेतले जुने सहकारी, रिटायर शिक्षक, नृसिंहवाडीला दर पौर्णिमेला जाणारी दत्तभक्त मंडळी, श्रवणबेळगोळला निघालेली जैन कुटुंबं... प्रत्येकाचा एक ग्रुप आणि प्रत्येक ग्रुपची एक टूर.

हे काही आजचं नाही. वारी म्हणजे तरी काय? गटानं केलेला प्रवासच. नंतर मराठी माणसाला बसमध्ये घालून जग दाखवणाऱ्या कंपन्या आल्या. केसरी १९८४ पासून, वीणा वर्ल्ड २०१३ पासून. आता तर खास ज्येष्ठांसाठीच्या सहलीसुद्धा निघतात. सरकारही मागे नाही. एसटीत ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पार केलेल्यांना राज्यात मोफत प्रवास मिळू लागला. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं. २०२४ मध्ये राज्य सरकारनं साठीच्या पुढच्यांसाठी तीर्थदर्शन योजना काढली, वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्यांना माणशी ३० हजार रुपयांपर्यंतचा खर्च. त्यातली रेल्वे सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्या कोल्हापूरच्या शाहू महाराज टर्मिनसवरून सुमारे ८०० ज्येष्ठांना घेऊन अयोध्येला गेली. स्टेशनवर आठशे म्हातारी माणसं, आठशे पिशव्या, आणि त्यांना सोडायला आलेली अख्खी पेठ! डोळ्यांसमोर आणून बघा.

तर मंडळी निघालेलीच आहेत. "या वयात कशाला?" हा प्रश्न विचारून काही उपयोग नाही. प्रश्न आहे तो 'कसं?' हा.

त्याआधी जरा आनंदाबद्दल बोलूया. कारण आपली पिढी या ग्रुप टूरची फार चेष्टा करते. एकसारख्या टोप्या, गळ्यात ओळखपत्र, झेंडा घेतलेला टूर मॅनेजर आणि मागे रांगेनं चाळीस काका-काकू. आपल्याला कसं एकट्यानं फिरायचं असतं, स्वतःचा शोध वगैरे घ्यायचा असतं. हरकत नाही, घ्या. पण साठ-पासष्ट वर्षं जगून झालेल्या माणसाचा स्वतःचा शोध बऱ्यापैकी लागलेला असतो हो! त्याला हवी असते सोबत.

गेल्या हिवाळ्यात मी बेचाळीस ज्येष्ठांच्या ग्रुपबरोबर आठ दिवस गिरनार, सोमनाथ, द्वारका करून आलो. आयोजन करणारे आमच्या भागातले एक निवृत्त गुरुजी. त्यांचा नियम असा की प्रत्येक सहलीत निदान एक तरणा माणूस पाहिजेच. बॅगा उचलायला, मोबाईलवर तिकिटं दाखवायला आणि वेळ पडली तर पळायला. माझी आई, बाबा आणि आत्ती तिघंही जाणार होते, त्यामुळं माझी निवड बिनविरोध झाली.

त्या आठ दिवसांत मी काय बघितलं सांगतो. माझी आत्ती अडुसष्ट वर्षांची. आयुष्यात पहिल्यांदा सलग आठ दिवस तिनं गॅस पेटवला नाही. तिसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "अरे, सकाळी उठल्यावर दूध आलं का बघायचं नाही, हेच मला सुधरंना." नवरा गेल्यापासून जी बाई लग्नकार्यातसुद्धा मागच्या खुर्चीवर बसायची, ती बसमध्ये भेंड्यांच्या वेळी 'ळ' आला की हमखास पुढच्या टीमशी भांडत होती. घरी जिला सगळे 'आज्जी' म्हणतात तिला इथं शाळेतल्या मैत्रिणीनं नावानं हाक मारली. एक काका घरी कुणाशी चार शब्द बोलत नाहीत म्हणून त्यांचा मुलगा काळजीत असतो. ते काका बसमध्ये दोन तास कुस्तीच्या गोष्टी सांगत होते, आणि खासबाग मैदानातला एकेक डाव बसच्या चिंचोळ्या जागेत उभं राहून करून दाखवत होते!

हे मुलांबरोबरच्या ट्रिपमध्ये होत नाही. तुम्ही आई-बाबांना घेऊन कुठं गेलात तर हॉटेल चांगलं असतं, गाडी एसी असते, पण ते तुमचे पाहुणे असतात. तुमच्या सोयीनं उठतात, तुम्ही म्हणाल ते खातात, आणि बिल बघून गप्प बसतात. ग्रुपमध्ये ते सभासद असतात. वर्गणी भरलेली असते, त्यामुळं भांडायचा हक्क असतो. चहा गार असेल तर ओरडता येतं. मला वाटतं म्हातारपणी माणसाला आरामापेक्षा या हक्काची जास्त भूक असते.

आता दुसरी बाजू. इथं माझ्यातला इंजिनियर जागा होतो, सहन करा.

अहमदाबादपर्यंत आम्ही रेल्वेनं गेलो आणि तिथून जुनागढला बसनं, साधारण सव्वातीनशे किलोमीटर. कार्यक्रमात लिहिलं होतं: चहापान, १५ मिनिटं. आमच्यात चोवीस बायका आणि अठरा पुरुष. ढाब्यावर बायकांसाठी दोन संडास. दोन्ही भारतीय पद्धतीचे, एकाला कडी नाही. साडी, गुडघेदुखी, ओली फरशी हे सगळं धरून एका बाईला तीन मिनिटं लागतात असं समजू. हा अगदी उदार अंदाज आहे. पंधरा मिनिटांत एका संडासात पाच जणी, दोन संडासांत दहा जणी. म्हणजे चोवीसातल्या चौदा जणींचा नंबर लागायच्या आत ड्रायव्हर हॉर्न वाजवतो. चोवीसही जणींचं आवरायचं तर ३६ मिनिटं पाहिजेत. दिवसात असे चार थांबे धरले तर कागदावर तासाभरात होणारं काम प्रत्यक्षात दोन तास चोवीस मिनिटं घेतं. बाकीची तास-दीड तासाची तूट कुठून भरून काढायची? जेवणातून, नाहीतर दुपारच्या विश्रांतीतून. म्हणजे म्हाताऱ्या माणसांना ज्याची सगळ्यात जास्त गरज असते, नेमकं त्यातूनच.

एखादा सर्व्हर चोवीस रिक्वेस्टसाठी असा डिझाईन केला तर आमचा आर्किटेक्ट मला ऑफिसमधून हाकलून देईल. टूरच्या कार्यक्रमात मात्र हे सर्रास चालतं.

बरं, यावर बायकांनी शोधलेला उपाय काय माहितीये? पाणीच प्यायचं नाही. सकाळी निघताना अर्धा कप चहा, मग थेट दुपारी जेवताना दोन घोट. वय वाढलं की तहानेची जाणीव आधीच कमी होते. त्यात कुणाची बीपीची गोळी लघवीचं प्रमाण वाढवणारी असली तर ती गोळीसुद्धा प्रवासाच्या दिवशी गपचूप टाळायची. पुरुषांची तऱ्हा वेगळी नाही. साठीनंतर प्रोस्टेटचा त्रास किती जणांना असतो हे कुठल्याही डॉक्टरला विचारा. फरक इतकाच की पुरुष बस थांबवायला सांगू शकतो, रस्त्याकडेला जाऊ शकतो. बाई नाही.

पाचव्या दिवशी आम्ही सोमनाथहून द्वारकेला आलो. सव्वादोनशे किलोमीटरहून जास्त अंतर, बाहेर ऊन. संध्याकाळी जगत मंदिरात गोमती घाटाच्या बाजूनं जायचं ठरलं. तिकडून स्वर्गद्वाराला छप्पन्न पायऱ्या आहेत. साधारण तिसाव्या पायरीवर आत्ती थांबली, कठड्याला धरलं आणि खाली बसली. चेहरा पांढराफटक, हात गार, बोलणं तुटक. गुरुजींनी सगळ्यांना बाजूला केलं, मी तिला आडवं केलं, आमच्यातल्या एक निवृत्त नर्सबाई धावत आल्या. नाडी बघितली, पाय वर धरले, शुद्ध नीट आहे याची खात्री झाल्यावर थोडं थोडं ओआरएस पाजलं. अर्ध्या तासानं ती उठून बसली. नंतर डॉक्टरांनाही दाखवलं, त्यांनी सांगितलं, अंगातलं पाणी कमी झालंय, बाकी काही नाही.

रात्री मी तिला विचारलं, "कधीपासून बरं वाटत नव्हतं?" म्हणाली, "दुपारपासनंच की. डोकं गरगरत होतं." "मग बोलली का नाहीस?" यावर ती जे म्हणाली ते या लेखाचं शीर्षक आहे.

मला राग आला, वाईटही वाटलं. पण नंतर विचार केल्यावर वाटलं, ती तरी काय करणार? कार्यक्रमात तिच्या चक्कर येण्याला जागाच ठेवलेली नव्हती. एका दिवसात सात ठिकाणं लिहिलेली असतील तर आठव्या गोष्टीला, म्हणजे माणसाच्या शरीराला, वेळ द्यायचा कुठून? ज्या क्षणी तुम्ही 'सात ठिकाणं' छापता, त्या क्षणी प्रत्येक आजारी माणूस बाकीच्या एकेचाळीस जणांचा गुन्हेगार होतो.

याच्या उलट अनुभव त्याच सहलीत दोन दिवस आधी, गिरनारला आला होता. म्हणूनच मी हे इतक्या खात्रीनं लिहितोय.

आपल्याकडच्या दत्तभक्तांना गिरनारचं काय वाटतं हे वेगळं सांगायला नको. दत्तपादुकांपर्यंत जवळजवळ दहा हजार पायऱ्या. २४ ऑक्टोबर २०२० ला रोपवे सुरू झाला आणि ज्यांनी आशा सोडली होती ते सगळे उठून निघाले. पण एक गोष्ट बऱ्याच जणांना तिथं गेल्यावर कळते. रोपवे अंबाजीच्या टप्प्यापर्यंतच जातो. साधारण निम्म्या पायऱ्या वाचतात. तिथून पुढे गोरक्षनाथ शिखराचा चढ, मग उतार, आणि मग दत्तशिखराचा पुन्हा चढ, हे सगळं पायी. आणि परत येताना तेच उलटं. वारा जोराचा असला की रोपवे बंदही ठेवतात.

आणि गुडघ्याचा खरा शत्रू चढ नसून उतार असतो. चढताना दम लागतो, माणूस आपोआप थांबतो. उतरताना दम लागत नाही, त्यामुळं थांबायचं लक्षात येत नाही, पण प्रत्येक पायरीला अख्ख्या शरीराचं वजन मांडीच्या स्नायूंनी आणि गुडघ्यानं झेलायचं असतं. वयाप्रमाणे स्नायू कमी झालेले असतात. हजारभर पायऱ्या उतरल्यावर पाय लटलट कापायला लागतात आणि माणूस पडतो तो तिथं.

गुरुजींनी हे ओळखून कोल्हापुरातच एक बैठक घेतली होती आणि जाहीर करून टाकलं होतं: गिरनारची यात्रा तीन ठिकाणी पूर्ण होते. तळेटीला, अंबाजीला आणि पादुकांपाशी. ज्यानं त्यानं आपापलं ठिकाण आजच लिहून द्यायचं. वर जाऊन बदलायचं असेल तर फक्त खालचं ठिकाण घेता येईल, वरचं नाही. प्रसाद तिघांना सारखा, फोटो तिघांचा, आणि "तुम्ही वर गेला नाही का?" असं विचारणाऱ्याला रात्रीच्या जेवणाचा दंड!

काय सुंदर डिझाईन आहे बघा. बेचाळीसातले अकरा जण पादुकांपर्यंत गेले. बाकीचे अंबाजीपाशी किंवा खाली. आत्ती अंबाजीला थांबली, सहा-सात मैत्रिणींबरोबर. आम्ही काही तासांनी परत आलो तेव्हा या बायका सावली धरून बसल्या होत्या, जयसिंगपूरचं भडंग संपवलं होतं, आणि आम्हालाच विचारत होत्या, "आलासा व्हय? आमाला वाटलं मुक्काम करताय वर!" कुणाच्या चेहऱ्यावर आपण अर्ध्यातून राहिलो असा भाव नव्हता. कारण त्यांना अर्ध्यात कुणी ठेवलंच नव्हतं.

एकच ग्रुप, एकच सहल, तीच आत्ती. एका दिवशी तिला थांबायची परवानगी होती, तेव्हा ती मजेत होती. दुसऱ्या दिवशी नव्हती, तेव्हा ती पायरीवर कोसळली.

आता यावर दोन आक्षेप येतात. पहिला मुलांचा: इतका त्रास असेल तर पाठवायचंच कशाला? ही काळजी खरी असते, पण बऱ्याचदा ती आळशी काळजी असते. नाही म्हणणं सोपं असतं, नीट चौकशी करणं कटकटीचं असतं. शिवाय घरी बसून स्नायू वाढत नाहीत, कमीच होतात. हां, काही ठिकाणी मात्र खरंच विचार करायला हवा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, केदारनाथ ३,५८३ मीटरवर. गौरीकुंडपासून सोळा किलोमीटरच्या आसपास चढाई, आणि हवेत प्राणवायू कमी. २०२२ च्या चारधाम यात्रेत दोनशेहून जास्त यात्रेकरू तब्येतीच्या कारणांनी गेले. अमरनाथ यात्रेला तर सत्तरीची वयोमर्यादाच आहे आणि वैद्यकीय दाखला सक्तीचा आहे. तिथं "माउली नेईल" म्हणून चालत नाही. पण नकाशावर केदारनाथ आहे म्हणून आईला गाणगापूरलाही जाऊ द्यायचं नाही, हे कुठलं शहाणपण?

दुसरा आक्षेप आयोजकांचा: वेळ वाढवला की मुक्काम वाढतो, मुक्काम वाढला की पैसे वाढतात, आणि मग लोक समोरच्याकडे जातात कारण तो त्याच पैशांत तीन ठिकाणं जास्त दाखवतो. हा आक्षेप मला पटतो. कारण ठिकाणं मोजणारे आपणच आहोत. जाहिरात बघताना आपण काय बघतो? किती दिवस, किती ठिकाणं, किती रुपये. लिफ्ट आहे का, खोली कितव्या मजल्यावर, दर किती तासांनी थांबणार, संडास कसले, हे कोण विचारतं? आम्हाला एका गावी ज्या लॉजवर उतरवलं तिथं लिफ्ट नव्हती आणि निम्म्या खोल्या तिसऱ्या मजल्यावर. बॅगा मी वर नेल्या, पण सत्तरीचे गुडघे कसे नेणार? आयोजक आपण जे विचारतो तेच सुधारतो. त्यामुळं मुलांनी पैसे ट्रान्सफर करून मोकळं व्हायच्या आधी दहा मिनिटं फोनवर बोलावं. ऑफिसात व्हेंडरला आपण किती छळतो, त्याच्या एक दशांश छळा, पुरे!

तर, काय विचारायचं आणि काय करायचं, याची माझ्या अनुभवातून आलेली थोडी जंत्री:

रेल्वेचं तिकीट काढताना दोघा-दोघांचं काढा. लोअर बर्थचा कोटा साठीच्या पुढच्या पुरुषांना आणि ४५ च्या पुढच्या बायकांना आहे, पण एकटे असाल किंवा त्या अटीत बसणारे दोघंच एका तिकिटावर असाल तरच. सहा जणांचं एक तिकीट काढलं की आज्जीला वरचा बर्थ आलाच म्हणून समजा. तिकिटातली सवलत (पुरुषांना ४० टक्के, बायकांना ५०) २० मार्च २०२० पासून बंद झाली, पण निदान खालची जागा तरी मिळवा.

बस दर दोन तासांनी थांबायला हवी, आणि थांबा चहाच्या चवीवर न ठरवता संडासाच्या संख्येवर ठरवावा. थांबल्यावर सगळ्यांनी खाली उतरून चार पावलं चालायचं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात चार तासांहून जास्त वेळ बसून प्रवास केला तर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका जवळपास दुप्पट होतो असं दिसलं होतं. धोका मुळात कमी असतो, घाबरायचं कारण नाही, पण पाय हलवायला पैसे पडत नाहीत.

शुगर असलेल्यांचं जेवण घड्याळाप्रमाणे. "दर्शन झालं की जेवू" हे वाक्य इन्शुलिन घेणाऱ्या माणसासाठी चक्क धोक्याचं आहे. दर्शनाची रांग लांबते, सकाळची गोळी थांबत नाही. खिशात साखर, गूळ, बिस्किटं कायम. औषधं हातातल्या पिशवीत, डिकीतल्या बॅगेत नाही. आणि गळ्यातल्या ओळखपत्राच्या मागच्या बाजूला कंपनीच्या जाहिरातीऐवजी आजार, औषधं, रक्तगट आणि घरचा नंबर लिहा.

निघायच्या दोन महिने आधी सराव. आम्ही सॉफ्टवेअर लाइव्ह करायच्या आधी लोड टेस्टिंग करतो, तसं. आपल्याकडे तर टेस्टिंगची जागा देवानंच दिलीय. आधी जोतिबाच्या पायऱ्या, मग गिरनारच्या! रंकाळ्याला एक चक्कर मारून दम लागत असेल तर डॉक्टरांकडे आत्ताच जा, जुनागढमध्ये नको.

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. तब्येतीचा फॉर्म भरताना आपली माणसं खोटं लिहितात. आमच्या ग्रुपमधल्या एका काकांची अँजिओप्लास्टी झाली होती हे मला सहाव्या दिवशी कळलं, तेही गप्पांच्या ओघात. का लिहिलं नाही? "लिहिलं असतं तर घेतलं नसतं." हे ऐकून मी गप्पच झालो. जोपर्यंत फॉर्म माणसाला वगळण्यासाठी असतो तोपर्यंत त्यावर कुणी खरं लिहिणार नाही. तोच फॉर्म "तुम्हाला कुठल्या टप्प्यावर थांबायला आवडेल?" असं विचारायला लागला की लोक आपोआप खरं बोलतील. गुरुजींना हे कुठल्याही मॅनेजमेंटच्या कोर्सशिवाय कळलं होतं. पोरांना शाळेच्या सहलीला नेलेला माणूस आहे तो.

गुरुजींचा आणखी एक नियम आता झालाय, द्वारकेनंतरचा. चालताना गुरुजी सगळ्यात पुढे नसतात. सगळ्यात मागे असतात. पुढे कुणीही असो, ग्रुप पोचला असं तेव्हाच म्हणायचं जेव्हा गुरुजी पोचतील. त्यामुळं मागे राहणाऱ्याला आपण मागे आहोत असं वाटतच नाही, कारण आयोजक शेजारीच चालत असतो, तोही निवांत गप्पा मारत.

पुढची सहल तिरुपतीची ठरलीय, हरिप्रियानं. आत्तीचं नाव यादीत पहिलं आहे. कार्यक्रमाचा कागद परवा माझ्याकडे तपासायला आला होता, त्यात एका दिवसापुढे गुरुजींनी लिहिलंय: 'काही नाही'. बाबांनी विचारलं, "काही नाही म्हणजे काय? दिवस वाया घालवायचा?" आत्ती म्हणाली, "दिवसभर पाणी प्यायचं. आणि बसायचं."

तुमच्या घरीही असा एखादा कागद आला असेल. आई-बाबांना तो मोठ्यानं वाचायला सांगा, आणि थांबा कुठं कुठं आहे ते मोजा.